‘द रेकॉर्ड न्यूज’ : तबकडी वाचायला शिकवणारी पत्रिका आणि तिची संस्था

आपल्या शहरातल्या जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांची ही स्मरणिका, आणि तिच्यात इतिहास मुंबईच्या एका संस्थेचा. याचे कारण आधी सांगितले पाहिजे. गुलमंडीच्या मागच्या वाड्यांतून निघालेली, जाफरगेटच्या रविवारच्या बाजारात भांड्याकुंड्यांशेजारी पडलेली, हैदराबादच्या नातेवाइकांच्या ट्रंकेतून आलेली अशी एखादी तरी लाखेची तबकडी आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी आहे. ती जमवायला आपले आपणच शिकलो. ती वाचायला मात्र ‘द रेकॉर्ड न्यूज’ने शिकवले. तबकडीवर गाणे असते हे सर्वांना ठाऊक असते. पण ते कुणी, कुठे, कोणत्या साली, कोणत्या कंपनीसाठी गायले, याचा माग त्याच तबकडीच्या अंगावर कोरलेला असतो, हे त्या पत्रिकेच्या अंकांतून उमगले. अशा पत्रिकेचे आणि तिला जन्म देणाऱ्या संस्थेचे ऋण या पानांवर नोंदले गेलेच पाहिजे.

‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था १९९० मध्ये मुंबईत सुरू झाली. वेळ कोणती होती ते पाहा. लाखेच्या, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या रेकॉर्डचे उत्पादन आपल्याकडे १९७० च्या आसपास संपले होते. एलपी होती, पण ऐंशीच्या दशकात कॅसेटने घरोघरचा ग्रामोफोन माळ्यावर चढवला आणि नव्वदीच्या तोंडाशी तो माळाही रिकामा होऊ लागला. वाडे पडून सदनिका उभ्या राहत होत्या. पन्नास-पन्नास रेकॉर्डची पेटी किलोच्या भावाने भंगारात जात होती. सरकारी दफ्तरखान्यांना या वस्तूत रस नव्हता आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांत ती ‘ग्रंथ’ नसल्यामुळे तिला जागा नव्हती. वाचले ते फक्त वेड लागलेल्या माणसांमुळे. कुणी सैगलचा भक्त, कुणी बालगंधर्वांचा, कुणी फक्त शास्त्रीय जमवणारा, कुणी जे मिळेल ते घरात आणणारा. पण ही माणसे एकमेकांना ओळखत नव्हती.

त्यांना एकत्र आणण्याची कल्पना एका ऑस्ट्रेलियन माणसाची. मायकेल किनियर हे नाव आज ग्रामोफोनच्या भारतीय इतिहासात टाळताच येत नाही. १९८५ मध्ये हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताच्या ध्वनिमुद्रणांची त्यांची सूची प्रसिद्ध झाली, आणि ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातल्या भारतीय मुद्रणांवरचा त्यांचा ग्रंथ १९९४ मध्ये मुंबईच्याच पॉप्युलर प्रकाशनाने काढला. संस्थेचा पाया घालताना त्यांच्या जोडीला होते डॉ. सुरेश चांदवणकर, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ. मानद सचिव म्हणून संस्थेचा आणि पुढे पत्रिकेचाही भार त्यांनीच वाहिला. प्रयोगशाळेतल्या माणसाची शिस्त या छंदाला लागली, हे मला फार मोलाचे वाटते. ऐकीव माहिती आणि तपासलेली माहिती वेगळी ठेवायची, आकडा चुकला तर पुढच्या अंकात दुरुस्त करायचा, ही सवय केवळ रसिकतेतून येत नाही.

पत्रिका १९९१ पासून निघू लागली. सुरुवातीला त्रैमासिक, पुढे वार्षिक. भाषा मुख्यतः इंग्रजी, कारण वाचक मुंबईपासून कोलकात्यापर्यंत आणि परदेशातही विखुरलेले होते. अंगाने साधी, जाहिरातींच्या बळावर न चालणारी. आत काय असे? एखाद्या कलावंताचे चरित्र आणि त्याच्या उपलब्ध रेकॉर्डची क्रमवार सूची. एखाद्या बंद पडलेल्या कंपनीच्या लेबलांची हकिकत. संस्थेच्या श्रवणसभांचे वृत्तांत, पुस्तकांच्या ओळखी, जुन्या कॅटलॉगमधली माहिती. पहिल्यांदा अंक हाती घेणाऱ्याला त्या आकड्यांच्या सूच्या रुक्ष वाटत. आपल्यातले जुने लोक मात्र अंक आला की आधी सूचीच उघडत, बोट लावून आपल्याकडचे आकडे शोधत आणि जो आकडा सूचीत नाही पण आपल्या कपाटात आहे तो सापडला की त्यांना काय होत असे, ते ज्याने अनुभवले त्यालाच कळेल.

त्या आकड्यांत एवढे काय असते, हे इथे थोडे सविस्तर सांगतो, कारण या स्मरणिकेच्या तरुण वाचकांना ते ठाऊक नसण्याची शक्यता आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात उतरला आणि भारतभूमीवरचे पहिले मोठे मुद्रणसत्र झाले. गायिका गौहर जान त्यातच गायली. त्याआधी १८९९ मध्ये लंडनमध्ये काही भारतीयांचे आवाज मुद्रित झाले होते, पण कलावंतांच्या दाराशी यंत्र आले ते तेव्हा. मेणावर आवाज कोरायचा आणि तो ठसा जर्मनीत हॅनोव्हरला पाठवायचा. तिथे लाखेच्या तबकड्या छापल्या जात आणि बोटीने परत येत. १९०८ मध्ये कलकत्त्याच्या सियालदहला कारखाना निघेपर्यंत हाच मार्ग होता. गाणे इथले, तबकडीत जी लाख जायची तीही बहुतांश इथल्याच पळस-कुसुमाच्या फांद्यांवरची, आणि छपाई मात्र सातासमुद्रापार.

हॅनोव्हरच्या कामगारांना देवनागरी येत नव्हती, उर्दू येत नव्हती, बाईचे नाव कोणते आणि रागाचे कोणते हेही कळत नव्हते. म्हणून गाणे संपताच गायिकेने आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगायचे, अशी पद्धत पडली. गौहर जानची ती घोषणा आता जगभर प्रसिद्ध आहे. आज ती ऐकताना आपल्याला लाडिक मुरका वाटतो. खरे तर ती छापखान्यासाठीची सूचना होती, आणि तिच्यामुळेच कितीतरी नावे शतकभर टिकली.

आकडे दोन ठिकाणी असतात. एक लेबलावर छापलेला, दुकानदाराच्या आणि ग्राहकाच्या सोयीचा. ग्रामोफोन कंपनीच्या सुरुवातीच्या पद्धतीत पुरुषांच्या गायनाला १२००० च्या घरातले आणि स्त्रियांच्या गायनाला १३००० च्या घरातले क्रमांक मिळत. घर भरले की आधी आणखी एक आकडा आणि आडवी रेघ जोडली जाई. म्हणजे लेबल झिजून नाव गेले असले तरी आवाज बाईचा की पुरुषाचा हे सुई न लावता सांगता येते. दुसरा आकडा लेबलाच्या कडेला, शेवटच्या चराच्या आतल्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला असतो. त्याला मॅट्रिक्स नंबर म्हणतात. हा त्या मुद्रणाचा जन्मक्रमांक. सोबतच्या अक्षरावरून कोणत्या तंत्रज्ञाने मुद्रण केले ते ओळखता येते, आणि तंत्रज्ञ कोणत्या वर्षी कोणत्या गावी होता ते कळले की गाण्याचे साल आणि गाव हाती लागते. लेबल बदलते, तेच गाणे दहा वर्षांनी दुसऱ्या क्रमांकाने पुन्हा विकले जाते, पण मॅट्रिक्स नंबर बदलत नाही. तबकडी उजेडात तिरकी धरून तो वाचायला ‘रेकॉर्ड न्यूज’ने एका पिढीला शिकवले.

वेगाचेही तसेच. अठ्ठ्याहत्तर फेऱ्या हे प्रमाण नंतर पक्के झाले. सुरुवातीच्या तबकड्या कमी-जास्त वेगाने मुद्रित झालेल्या असत. चुकीच्या वेगाने वाजवली तर गायकाचा षड्ज सरकतो आणि आपण त्याच्या आवाजाच्या जातीबद्दल भलतेच मत करून बसतो. अब्दुल करीम खाँसाहेबांची विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली मुद्रणे आणि १९३७ च्या त्यांच्या निधनाआधीच्या काही वर्षांतली ‘ओडियन’ या लेबलावरची मुद्रणे शेजारी ठेवून ऐकायची, तर वेगाचा हिशेब आधी केलाच पाहिजे. खाँसाहेबांचे चरित्र आणि त्यांच्या रेकॉर्डची सूची एकत्र गुंफणारे पुस्तकही पुढे किनियर यांनी लिहिले.

अशा छंदातून शास्त्र उभे राहण्याची गोष्ट आपल्याकडेच घडली असे नाही. अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉल खेळाडूंची छोटी रंगीत चित्रे मिळत. ती जमवणारी मुले आणि मोठी माणसे गावोगाव होती, पण त्या चित्रांना ना नाव होते ना क्रम. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज गावचा जेफरसन बर्डिक हा कारखान्यात काम करणारा, संधिवाताने हातपाय आखडत चाललेला माणूस. त्याने १९३७ मध्ये ‘कार्ड कलेक्टर्स बुलेटिन’ नावाची साधीशी पत्रिका सुरू केली आणि पुढे सगळ्या कार्डांची सूची बांधली. आज कोट्यवधींना विकल्या जाणाऱ्या होनस वॅग्नरच्या कार्डाची मालिका ‘टी-२०६’ या नावाने ओळखली जाते. तो क्रमांक बर्डिकने दिलेला. टी म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डे. तीन लाखांहून अधिक वस्तूंचा आपला संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला, वर्षानुवर्षे तिथे बसून स्वतः तो वह्यांत चिकटवला, जानेवारी १९६३ मध्ये काम पुरे केले आणि मार्चमध्ये त्याचे निधन झाले. ती पत्रिका आता निघत नाही. पण जगभरचे संग्राहक आजही तिच्या संपादकाने दिलेल्या क्रमांकांनी बोलतात. ‘रेकॉर्ड न्यूज’चे स्थान मला त्याच रांगेत दिसते.

संस्था मुंबईची असली तरी मुंबईपुरती राहिली नाही. पुणे, सोलापूर, अमरावती, बडोदा इथे तिच्या शाखा झाल्या, आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे नांदेड आणि तुळजापूर इथेही. मराठवाड्यातल्या दोन गावांची नावे पत्रिकेच्या मुखपृष्ठावर पाहताना वाटणारा अभिमान मी लपवत नाही. आपल्या भागाचा कान इतर महाराष्ट्रापेक्षा थोडा वेगळ्या पाण्यावर वाढला. निजामाच्या दख्खन रेडिओचे केंद्र या शहरात होते आणि १९५० मध्ये ते आकाशवाणीकडे गेले. इथल्या घरांत नाट्यपदांच्या शेजारी गझल आणि कव्वालीच्या रेकॉर्ड सापडतात, लेबलावर एकीकडे नागरी, दुसरीकडे उर्दू. सिराज औरंगाबादीसारख्या थोर शायराने ज्या गावाचे नाव आपल्या नावामागे मिरवले, तिथे हे नवल नाही. पुण्या-मुंबईच्या संग्राहकाकडे मराठी रेकॉर्डची रांग अधिक भरगच्च असेल, पण हे शेजार त्याच्याकडे क्वचितच भेटते.

पैठणचे एक उदाहरण द्यायचे तर १९३५ चा प्रभातचा ‘धर्मात्मा’. एकनाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व, संगीत मास्टर कृष्णरावांचे. नाथांच्या गावापासून एवढ्या जवळ राहणाऱ्या आपल्यासाठी या चित्रपटाच्या रेकॉर्ड म्हणजे घरचा ठेवा. त्या काळी चित्रपटाच्या पडद्यावरचे गाणे आणि तबकडीवरचे गाणे अनेकदा एकच नसे. रेकॉर्डसाठी कलावंत स्टुडिओत येऊन तीन-सव्वातीन मिनिटांत बसेल असे ते पुन्हा गात. त्यामुळे रेकॉर्ड ही चित्रपटाची नक्कल ठरत नाही, तो स्वतंत्र आविष्कार असतो. हा भेद सांगण्यासाठी पुन्हा मॅट्रिक्स नंबरच उपयोगी पडतो.

आता या पत्रिकेचे मला सर्वांत थोर वाटणारे काम. पहिल्या वीस वर्षांतल्या रेकॉर्डवर सर्वाधिक आवाज कुणाचे? कलावंतिणींचे, तवायफांचे, नायकिणींचे. अनेक उस्ताद मुद्रणयंत्राच्या कर्ण्यासमोर गायला कचरत होते. आवाज चोरीला जाईल, घराण्याची चीज बाजारात जाईल, अशी भीती. बायांनी ते धाडस केले. जोहराबाई आग्रेवाली, अलाहाबादच्या जानकीबाई, आग्र्याच्या मलका जान, पुण्याच्या सुंदराबाई. लेबलावर नावापुढे गाव छापलेले, आडनाव नाही. पुढे समाजाने त्यांच्या पेशावर काट मारली आणि संगीताच्या इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना एखाददुसऱ्या ओळीवर बोळवले. संग्राहकांच्या सूच्यांनी मात्र त्यांचे एकेक गाणे मोजून परत मांडले. गौहर जानने सुमारे सहाशे गाणी निरनिराळ्या भाषांत मुद्रित केली, असे आज सहज म्हटले जाते. तो आकडा कुणा दरबारी बखरकाराने लिहून ठेवलेला नाही, तबकड्या मोजणाऱ्या माणसांच्या वह्यांतून तो आला. काही लेबलांवर गायिकेच्या नावापुढे ‘अ‍ॅमॅच्युअर’ असा शब्द आढळतो. आपण पेशेवर नाही, घरंदाज आहोत, हे सांगण्याची ती धडपड. या एका शब्दातून त्या काळचा समाज जितका दिसतो तितका चार व्याख्यानांतून दिसायचा नाही.

पत्रिकेच्या वातावरणात वाढलेले दुसरे मोठे काम म्हणजे ‘यंग इंडिया’. हे मुंबईत वडाळ्याला चालणाऱ्या कंपनीचे लेबल. ती १९३५ ते १९५५ अशी वीस वर्षे टिकली. मोठ्या कंपन्यांच्या दारात ज्यांना प्रवेश नव्हता अशा नवोदित, हौशी, प्रांतोप्रांतीच्या कलावंतांना तिने गायला लावले. नाव मोठे नसल्यामुळे या रेकॉर्डना बाजारात किंमत नव्हती आणि म्हणून त्या जपल्याही गेल्या नाहीत. ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातल्या दस्तऐवजांसाठीच्या योजनेतून चांदवणकर यांनी ‘यंग इंडिया’च्या आणि नंतर ‘ओडियन’च्या तबकड्या संग्राहकांकडून गोळा करून त्यांचे अंकीय रूपांतर केले. ओडियनचा पल्ला सुमारे १९१२ ते १९३८ असा. इथे विचार करण्यासारखी गोष्ट आहे. या तबकड्या संग्रहालयांत नव्हत्याच. त्या खासगी कपाटांत होत्या, आणि कुठल्या गावातल्या कुठल्या कपाटात काय आहे हे ठाऊक होते कारण ती माणसे आधीच एका पत्रिकेच्या धाग्यात ओवलेली होती.

याच मनोवृत्तीचे लोक इतरत्रही काम करत होते. कानपूरला हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी १९३१ ते १९८० या काळातल्या हिंदी चित्रपटगीतांचा कोश पाच खंडांत सिद्ध केला. कोलकात्यात जादवपूर विद्यापीठाने जुन्या शास्त्रीय मुद्रणांचे संग्रहण हाती घेतले. विद्यापीठीय संशोधकांनी या मंडळींच्या सूच्या भरपूर वापरल्या. ऋण मानले ते सगळ्यांनीच नाही, पण सूच्या उपयोगी पडल्या याचेच समाधान त्या करणाऱ्यांना अधिक होते.

मग पत्रिका थांबली. वार्षिक अंकही येईनासा झाला. कुणा एकाचा दोष काढावा असे काही नाही. पहिल्या फळीतले संग्राहक वृद्ध झाले, काही गेले. टपालखर्च आणि छपाई महाग झाली. जे गाणे ऐकायला पूर्वी सोलापूरहून मुंबईची गाडी धरावी लागे ते मोबाइलवर मिळू लागले. गाणे मिळू लागले हे खरे, पण त्याच्यासोबत माहिती येत नाही, किंवा चुकीची येते. एकीचे गाणे दुसरीच्या नावावर, १९३५ चे मुद्रण १९०५ चे म्हणून, दोन तबकड्या जोडून एक केलेल्या. जिथे चूक झाली तिथे पुढच्या अंकात दुरुस्ती छापणारी जागा आता उरलेली नाही. मला सगळ्यांत जास्त हळहळ वाटते ती या दुरुस्तीच्या जागेची.

अंक मात्र हरवलेले नाहीत. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई अंकीय ग्रंथालयाने ‘द रेकॉर्ड न्यूज’चे अंक पानन् पान चित्रित करून सर्वांना मोफत खुले केले आहेत. या शहरातला महाविद्यालयीन विद्यार्थी आज घरबसल्या ते वाचू शकतो. किनियर यांनी २०१६ मध्ये भारतातल्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या सर्व लेबलांचा ग्रंथ काढला, त्यात कितीतरी विस्मृत कंपन्यांची लेबले एकत्र पाहायला मिळतात. संस्थेच्या शाखांतल्या श्रवणसभांची रीत पुढे अनेक गावांच्या मंडळांनी उचलली, आणि आपले मंडळही त्याच रीतीने चालते : आधी रेकॉर्डची माहिती वाचायची, मग सुई ठेवायची, मध्ये कुणी बोलायचे नाही.

या इतिहासाला जोडूनच वाचकांना एक विनंती आहे. मराठवाड्यातल्या घरांतल्या रेकॉर्डची एकत्र यादी अजून व्हायची आहे आणि ती आपल्यालाच करावी लागेल. आपल्याकडे लाखेच्या तबकड्या असतील तर त्या विकू नका, आणि आम्हाला देऊही नका. फक्त नोंद करा. दोन्ही बाजूंचे लेबल जसे छापले आहे तसेच उतरवून घ्या, शुद्धलेखन सुधारू नका. लेबलावरचा क्रमांक लिहा आणि आतल्या पट्टीतला कोरलेला क्रमांक अक्षरासह लिहा. रेकॉर्ड कोणत्या दुकानातून आली याचा शिक्का पाकिटावर असेल तर तोही टिपा, कारण इथली जुनी दुकाने कोणती होती हे अशाच शिक्क्यांवरून कळते. तबकड्या एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा. धूळ मऊ कोरड्या कापडाने पुसा, फारच मळ असेल तर किंचित ओलसर कापडाने. स्पिरिट किंवा सॅनिटायझर चुकूनही लावू नका, लाख त्यात विरघळते आणि चरांसकट गाणे जाते. केलेली यादी आपल्या मंडळाच्या प्रदर्शनाच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर आणून द्या. ती तिथेच तपासून घेऊ.